मार्चमध्ये आई-बाबा भारतातून येताहेत. कॅलिफोर्नियातल्या जोशुआ ट्री नॅशनल पार्कला रानफुलं बघायला नेलं तर आईला गाडीत बसवून आम्ही ट्रेल करून आलो तर चालेल का?

नाही चालणार. गाडीतच बसवायचं असेल तर त्यांना तिकडे नेऊच नका, घरी आराम करू द्या. तुम्ही लिहिलंय की आई ६६ वर्षांच्या आहेत, गुडघे दुखतात आणि "तिला झेपणार नाही असं आम्हाला वाटतं". त्यांना स्वतःला काय वाटतं हे प्रश्नात कुठेच नाही, म्हणून लिहायला बसले.

२०१९च्या मार्चमध्ये माझी आई आमच्याकडे कॅलिफोर्नियात अर्व्हाइनला आली होती. आई वाईची, शाळेत जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेली. वय ६७, बीपीची गोळी चालू, उजवा गुडघा दुखरा. त्या हिवाळ्यात इकडे पाऊस भरपूर झाला होता आणि ऑफिसात जो तो फुलांबद्दलच बोलत होता. पुण्याहून दादानं बजावलं होतं, "आईला वाळवंटात-बिळवंटात फिरवू नकोस." मी हो म्हटलं नाही आणि वादही घातला नाही.

आम्ही पार्कात दक्षिणेकडून शिरलो. बहुतेक लोक उत्तरेकडून जातात, कारण ज्या झाडांवरून पार्कला नाव पडलं ती झाडं आणि फोटोतले दगड तिकडे आहेत. पण फुलं आधी सखल भागात येतात, फेब्रुवारीअखेर ते मार्च. उंचावरची बरीचशी एप्रिलात. पार्कच्या दक्षिणेकडच्या कॉटनवूड व्हिजिटर सेंटरपर्यंत रस्त्याच्या कडेला ल्युपिनचा जांभळा रंग, मध्येच डेझर्ट डँडेलियनचा फिकट पिवळा. शिवाय त्या वसंतात पेंटेड लेडी फुलपाखरं थव्याथव्यानं उत्तरेकडे निघाली होती, काचेसमोरून सारखी नारिंगी तिरीप जायची. आई म्हणाली, "अगं, ही तर आपल्याकडं पण असतात." असतात, तीच जात.

तिथल्या मॅस्टोडॉन पीक या टेकडीचा फेरा साधारण ४.८ किलोमीटरचा, चढ ११५ मीटरच्या आसपास. आईनं एवढंच विचारलं, "पांडवगडाएवढं आहे का?" म्हटलं, निम्मंसुद्धा नाही. "मग चला की."

पहिल्या किलोमीटरला आम्हाला तास लागला, पण गुडघ्यामुळे नाही. आई दर दहा पावलांना थांबत होती. एका ठिकाणी तिनं ओढणी कमरेला बांधली आणि सरळ वाळूत पालथी झाली. समोर जमिनीला चिकटलेलं तळहाताएवढं रोप, त्यावर नखापेक्षा लहान जांभळी फुलं. पर्पल मॅट म्हणतात त्याला. अशा बारक्या फुलांना इथले लोक पोटावर झोपून बघायची फुलंच म्हणतात, हे मी तिला नंतर सांगितलं. तिला कुणी सांगावं लागलं नव्हतं. कासला कुंपण लागायच्या कितीतरी आधीपासून ती शाळेच्या मुलांना घेऊन जायची, तिथंही अशीच आडवी व्हायची.

झोपल्या झोपल्याच तिनं विचारलं, "कासचा पाऊस दरसाल ठरलेला. इथल्या बियांना कसं कळतं?" मी वाचलेलं सांगितलं. यातल्या बऱ्याच बियांच्या सालीत रुजणं रोखून धरणारं द्रव्य असतं. चार थेंबांनी ते धुतलं जात नाही, चांगला भिजपाऊस लागतो. तो आला नाही तर बी वर्षानुवर्षं वाळूत तशीच पडून राहते. आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "हे मुलांना शिकवायला हवं होतं."

पुढे एका मोठ्या गोल दगडाच्या सावलीत आम्ही पोळीभाजी खाल्ली. तिला हंपी आठवली, आणि ते बरोबरच आहे, दोन्हीकडे ग्रॅनाइट. आपला सह्याद्री लाव्हाचे थर एकावर एक पसरून झाला. इथं तप्त रस जमिनीखालीच थिजला आणि त्याला उभ्या-आडव्या भेगा पडल्या. हवामान ओलं होतं त्या काळात पाणी भेगांतून मुरत गेलं आणि जमिनीखालीच दगडांचे कोपरे झिजले. नंतर वरची माती वाहून गेली. आई म्हणाली, "म्हणजे हे गोल होऊनच बाहेर आलेत." हो, अगदी तसंच.

शेवटचा टप्पा हात टेकून दगडांवर चढायचा आहे. तिथं आई आपणहून थांबली. "तुम्ही जाऊन या, मी बसते." मी तिच्यापाशी थांबले, नवरा वर जाऊन लांबवर दिसणारं सॉल्टन सी हे सरोवर बघून आला. कुठं थांबायचं हे तिला आमच्यापेक्षा नीट कळत होतं, आणि माझं सगळं म्हणणं तेवढंच आहे.

हायवेला लागल्यावर फोनला रेंज आली. दादाचे अकरा मिस्ड कॉल, पुण्यात पहाटेचे चार. तो रात्रभर जागा होता. "तिला काही झालं असतं तर?" हा प्रश्न त्या दिवसापासून दर दिवाळीला निघतो. मी इथं उत्तर देते: तिच्यासाठी चार लिटर पाणी होतं, टोपी होती, गोळी वेळेवर घेतली होती, आणि ती सकाळच्या गार हवेत तिच्या चालीनं चालली. काळजीच्या नावाखाली दादानं तिला दहा वर्षांत पर्वतीसुद्धा चढू दिलेली नाही. आल्बममधला वाळूत पालथ्या झालेल्या आईचा फोटो ती येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवते, हे त्यालाही माहीत आहे.

आता तुमचं. हिवाळा कोरडा गेला असेल तर फुलांचा गालिचा मिळणार नाही, मग उत्तरेला हिडन व्हॅलीचा १.६ किलोमीटरचा फेरा करा, दगडांसाठी. फोटोसाठी फुलांत पाय ठेवू नका, कुणी ठेवत असेल तर तोंडावर सांगा. पार्कच्या मधल्या भागात पाणी मिळत नाही, माणशी चार लिटर तरी धरा. वाटेत चोया कॅक्टसच्या बागेत थांबलात तर मोठ्या दातांचा कंगवा जवळ असू द्या. त्याचे काटे नुसता स्पर्श झाला तरी कपड्यांत रुततात आणि बोटांनी काढायला गेलं की बोटांत. हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, आणि मे महिन्यानंतर मात्र मी कुणालाच नेणार नाही.

दादाचा एक राग मला मान्य आहे. पार्कात बहुतेक ठिकाणी फोन लागत नाही हे मला माहीत होतं आणि मी त्याला ते आदल्या दिवशी सांगितलं नव्हतं. तुमचं भारतात जे कुणी असेल त्यांना तिथली वेळ धरून कळवून ठेवा: रात्री साडेदहापासून पहाटे साडेचारपर्यंत आमचा फोन लागणार नाही, झोपा.