'नो सिग्नल' आले म्हणजे मॉनिटर गेला, असे नव्हे

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : कोल्हापूरच्या शाहूपुरीत तळमजल्यावरच्या घरात आपला सहा वर्षांपूर्वीचा डेस्कटॉप आहे. पाऊस सुरू झाल्यापासून तो चालू केला की कधी पडद्यावर फक्त 'नो सिग्नल' येते, तर कधी चित्र येते पण सगळे गुलाबी दिसते. दुरुस्तीला आलेल्या माणसाने काहीही न उघडता मॉनिटर बदलायला सांगितले आहे, तर तो बदलावा का?

माझे उत्तर असे की, इतक्यात बदलू नये. आपण सांगितलेल्या लक्षणांपैकी एकही मॉनिटर बिघडल्याचा पुरावा ठरत नाही. उलट 'नो सिग्नल' ही अक्षरे मॉनिटर स्वतः पडद्यावर काढत असतो. ती स्पष्ट वाचता येतात याचा अर्थ मॉनिटरला वीज मिळते आहे, पडद्यामागचा प्रकाश चालू आहे आणि पडदाही शाबूत आहे. केबलमधून आपल्यापर्यंत काही पोहोचत नाही, एवढेच तो सांगतो आहे.

हे मी इतक्या आग्रहाने लिहिते, कारण ही चूक मी स्वतः पैसे मोजून केली आहे. मी राजारामपुरीत राहते आणि घरूनच लहान व्यापाऱ्यांचे हिशेब लिहिते. काही वर्षांपूर्वी जुलैच्या शेवटच्या आठवड्यात, म्हणजे प्राप्तिकर विवरणपत्रांची मुदत तोंडावर आलेली असताना, माझ्या संगणकाचा पडदा असाच काळा झाला. एका दुकानदाराच्या शब्दावर मी त्याच दिवशी नवा मॉनिटर आणला आणि घरी जोडला, तर त्यावरही तीच अक्षरे आली. दोष रॅममध्ये, म्हणजे संगणकाच्या आत खाचेत बसणाऱ्या स्मृतीच्या पट्टीत होता आणि तो दूर करायला शाळेतले एक खोडरबर पुरले. म्हणून माझे सांगणे एकच आहे : खर्च करण्यापूर्वी दोष केबलच्या कोणत्या बाजूला आहे, मॉनिटरच्या की कॅबिनेटच्या (म्हणजे संगणकाच्या डब्याच्या), हे ठरवावे.

सुरुवात गुलाबी रंगापासून करावी, कारण त्याचा छडा लवकर लागतो. चित्र गुलाबी असताना मॉनिटरवरचे बटण दाबून त्याचा स्वतःचा मेनू, म्हणजे ब्राइटनेस-कॉन्ट्रास्टची चौकट, उघडावी. मेनूचे रंग नेहमीसारखे असतील आणि मागचे चित्र तेवढे गुलाबी असेल, तर पडदा निर्दोष आहे. मेनूही गुलाबीच दिसला, तर मात्र संशय मॉनिटरवर जातो. आपली केबल निळ्या तोंडाची, दोन बाजूंना स्क्रू असलेली, म्हणजे व्हीजीए असावी असे वर्णनावरून वाटते. तिच्या 15 पिनांपैकी पहिल्या तीन पिना लाल, हिरवा आणि निळा हे रंग स्वतंत्रपणे वाहून नेतात. हिरव्याची जोडणी सुटली की उरलेल्या लाल-निळ्यामुळे पांढरा भाग गुलाबी-जांभळा दिसतो. लाल सुटला तर निळसर-हिरवा आणि निळा सुटला तर पिवळा. आपल्याकडे गुलाबी दिसते म्हणजे हिरव्याच्या वाटेत कुठेतरी अडथळा आहे. केबल काढून तिच्या तोंडातल्या पिना उजेडात पाहाव्यात. एखादी वाकली असेल तर बारीक चिमट्याने हलकेच सरळ करावी. पुष्कळ केबलींमध्ये नववी पिन मुळातच नसते, ती तुटली असे समजून घाबरू नये. मग केबल दोन्हीकडे नीट बसवून स्क्रू हाताने आवळावेत. रंग तरीही परतला नाही, तर आधी केबल बदलून पाहावी. मॉनिटरच्या तुलनेत तिची किंमत अगदी किरकोळ असते.

आता 'नो सिग्नल'कडे वळू, कारण खरे काम तिथे आहे. कॅबिनेटचा पंखा फिरतो म्हणजे संगणक सुरू झाला, असा आपला समज दिसतो. तो बरोबर नाही. पंख्याला वीज मिळाली की तो फिरतो, मदरबोर्डचे, म्हणजे आतल्या मुख्य सर्किट-पाटीचे, काम पुढे सरकले की नाही याच्याशी त्याचा संबंध नसतो. संगणक खरोखर सुरू झाला का हे कळण्यासाठी दोन-तीन मिनिटे थांबून कीबोर्डवरचे कॅप्स लॉक बटण दाबावे. त्याचा दिवा दर वेळी लागत-विझत असेल, तर संगणक बहुधा सुरू झाला आहे आणि फक्त चित्र बाहेर येत नाही. दिवा ढिम्म राहिला, तर संगणक सुरूच झालेला नाही, आणि पावसाळ्यात अशा वेळी पहिला संशय रॅमवर घ्यावा. आपल्याकडची दमट हवा आठवडेच्या आठवडे हटत नाही. 2019 आणि 2021 च्या पुरांत ज्यांच्या घरात पाणी आले, त्यांना तळमजल्याच्या भिंती किती काळ ओल धरतात हे सांगायला नको. या ओलीने आणि धुळीने रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर थर साचतो आणि संपर्क तुटतो.

स्वच्छ करण्याची रीत अशी : संगणक बंद करून प्लग भिंतीतून काढावा, मग सुरू करण्याचे बटण दहा सेकंद दाबून धरावे, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाईल. कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूच्या भागाला हात लावावा, म्हणजे अंगातील स्थिर विद्युत उतरेल. रॅमच्या टोकांचे खटके मागे करून ती कडांना धरून काढावी, सोनेरी पट्ट्या पांढऱ्या खोडरबराने हलक्या हाताने घासाव्यात आणि खोडरबराचा चुरा ब्रशने पूर्ण झाडावा, कारण तो खाचेत पडला तर नवी अडचण उभी राहते. परत बसवताना खटका आपोआप बसल्याचा आवाज आला पाहिजे. बहुतेक जण इथेच कमी जोर लावतात. दोन रॅम असतील तर एकेक लावून पाहावी. वेगळे ग्राफिक्स कार्ड (पडद्यावरचे चित्र तयार करणारी पाटी) असेल तर तेही असेच काढून, पुसून बसवावे.

कॅप्स लॉकचा दिवा प्रतिसाद देत असेल, तर केबल योग्य जागी आहे का ते पाहावे. ग्राफिक्स कार्ड असलेल्या संगणकात मदरबोर्डवरचे मूळ पोर्ट बहुधा बंद असते, आणि साफसफाईनंतर सवयीने केबल तिथे जोडली जाते. मॉनिटरला व्हीजीए आणि एचडीएमआय अशी दोन्ही पोर्ट असतील, तर मेनूतून योग्य इनपुट निवडलेले आहे ना, हेही पाहावे.

विंडोजचे चिन्ह दिसून मग पडदा काळा होत असेल, तर बिघाड बहुधा ड्रायव्हरचा, म्हणजे ग्राफिक्सचा भाग चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा असतो. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणे एकत्र दाबल्यास ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. तेवढ्याने भागले नाही तर सेफ मोडमध्ये, म्हणजे विंडोज मोजक्याच आवश्यक गोष्टींसह सुरू करून, ड्रायव्हर काढून पुन्हा घालावा. आपल्या वर्णनात मात्र हा प्रकार दिसत नाही.

मॉनिटर खरोखरच बिघडल्याची खूण वेगळी असते. अंधाऱ्या खोलीत काळ्या दिसणाऱ्या पडद्यावर तिरका टॉर्च मारावा. अंधुक चित्र दिसले तर मागचा प्रकाश गेला आहे. पडद्यावर उभी रेघ दिसत असेल आणि दुसऱ्याचा लॅपटॉप जोडूनही ती त्याच जागी राहिली, तर पडदा किंवा त्याला आतून जोडणारी पट्टीसारखी केबल खराब आहे. अशा वेळी मॉनिटर स्वतः उघडू नये, ही कळकळीची विनंती. 230 व्होल्टची वीज आत एकदिश झाल्यावर मोठ्या कपॅसिटरवर सुमारे 325 व्होल्ट साठतात, आणि प्लग काढल्यावरही ते काही काळ तिथेच असतात.

दुरुस्ती झाल्यावर कॅबिनेट ओल्या भिंतीपासून हातभर दूर आणि जमिनीपासून उंच ठेवावे, आणि पावसाळ्यात वापर नसला तरी रोज अर्धा-पाऊण तास चालू ठेवावे. आतल्या उष्णतेने ओल धरत नाही. वळवाच्या विजा कडाडू लागल्या की नुसते बटण बंद करून भागत नाही, प्लग आणि इंटरनेटची तार दोन्ही काढून ठेवावीत.

रॅम साफ केली, केबल बदलली, तरीही अडचण राहिली, तर आपला मॉनिटर उचलून शेजाऱ्यांच्या संगणकाला जोडून पाहा. तिथे तो नीट चालला, तर कॅबिनेट दुरुस्तीला न्या आणि मॉनिटर घरीच ठेवा.