यॉटने अमेरिकेत जायचंय. एस्टा चालेल का?

प्रश्न: आम्ही पतीपत्नी मूळचे रत्नागिरीचे, आता साउथॅम्प्टनला स्थायिक. माझा पासपोर्ट ब्रिटिश आहे आणि मी एस्टा काढून ठेवला आहे. पत्नीचा पासपोर्ट अजून भारतीयच, तिच्याकडे अमेरिकेचा बी-१/बी-२ (पाहुण्यांसाठीचा) व्हिसा आहे. ब्रिटनमध्ये नोंदलेली आमची ३८ फुटी शिडाची यॉट सध्या अँटिग्वाला आहे. एप्रिलमध्ये निघून टॉर्टोला, सेंट थॉमस, पोर्तो रिको, फ्लोरिडा असं करत उन्हाळ्यात न्यू जर्सीला भावाकडे पोचायचा बेत आहे. भारतीय पासपोर्टमुळे पत्नीला अडवतील का? यॉटला वेगळा परवाना लागतो का? भाऊ म्हणतो, तिथल्या मराठी मंडळाच्या लोकांना माणशी पंचवीस डॉलर घेऊन फेरी मारून आणू. चालेल का?

उत्तर: अडवलंच तर तुम्हाला अडवतील, वहिनींना नाही.

एस्टा म्हणजे व्हिसा नव्हे, व्हिसामाफीच्या योजनेतली पूर्वपरवानगी. त्या योजनेत शिरण्यासाठी अमेरिकी सरकारशी करार केलेल्या कंपनीच्या विमानाने किंवा बोटीनेच यावं लागतं. तुमच्या यॉटचा असा करार नाही. त्यामुळे अमेरिकेच्या ताब्यातल्या सेंट थॉमस बेटाच्या धक्क्यावर तुम्ही बिनव्हिशाचे ठरता. अधिकारी तिथूनच परत पाठवू शकतो. शेकडो डॉलर शुल्क भरून सूट मागण्याचा एक अर्ज असतो, पण ती द्यायची की नाही हे सर्वस्वी त्याच्या मर्जीवर. ब्रिटिश पासपोर्ट आहे म्हणून निर्धास्त राहिलेले लोक नेमके इथे अडकतात.

शेजारच्या टॉर्टोला या ब्रिटिश बेटावर कोणीतरी तुम्हाला युक्ती सांगेलच: यॉट तिथे ठेवा, फेरीबोटीने सेंट थॉमसला जा, ९० दिवसांचा प्रवेश घ्या, परत या आणि मग यॉट घेऊन जा. ही पळवाट नव्हे, नियमातच बसतं. एकदा रीतसर आत आलेला माणूस शेजारच्या बेटावर जाऊन आला, तर उरलेल्या दिवसांपुरता त्याला पुन्हा प्रवेश देता येतो, आणि त्या वेळी करारातल्या वाहनाची अट नसते. फेरी कंपनी करारातली आहे ना, एवढं आधी विचारून घ्यायचं. पण दिवस मोजायचे ते फेरीच्या प्रवेशापासून. मध्ये बहामाला जाऊन आलात म्हणून ते नव्याने सुरू होत नाहीत. मुदतवाढही नाही, खरीच आणीबाणी असेल तर निघण्यासाठी ३० दिवसांपर्यंतची सवलत मिळू शकते, इतकंच. शिडाच्या यॉटने कॅरिबियनहून न्यू जर्सी गाठायची, वादळांचा मोसम १ जूनला सुरू होणार, आणि वाटेत इंजिन बिघडलं तर? माझ्या मते तुमच्या बेताला ९० दिवस अपुरे आहेत. वहिनींसारखा बी-१/बी-२ व्हिसा काढा. त्यावर साधारण सहा महिने मिळतात. नक्की किती, ते बंदरावरचा अधिकारी ठरवतो.

आता यॉट. तिला क्रूझिंग लायसन्स, म्हणजे परदेशी यॉटला अमेरिकेच्या पाण्यात फिरण्याचा परवाना, मिळेल, कारण ते झेंडा, म्हणजे नोंदणीचा देश, पाहून देतात, मालकाचा पासपोर्ट पाहून नव्हे. ज्या देशांच्या यॉटना ते मिळतं त्या यादीत ब्रिटन आहे, भारत नाही. लायसन्स पोर्तो रिकोत मागा. सेंट थॉमसला इमिग्रेशन अमेरिकेचंच असलं तरी कस्टम्सच्या हिशेबात ती बेटं अमेरिकेच्या हद्दीबाहेर धरतात. मुदत जास्तीत जास्त एक वर्षाची. ती संपल्यावर यॉट किमान १५ दिवस अमेरिकेबाहेर राहून परदेशी बंदरातून परत आली, तरच नवं लायसन्स. यॉटचं हे वर्ष आणि तुमचे सहा महिने यांचा एकमेकांशी संबंध नाही. तुमची मुदत संपली की यॉटच्या लायसन्सवर तुम्हाला एक दिवसही जास्त राहता येणार नाही.

लायसन्स हातात आलं तरी पुढच्या प्रत्येक बंदरात पोचल्याची वर्दी कस्टम्सला द्यायचीच. यात फार लोक ढिलाई करतात. आल्याची वर्दी न दिल्याबद्दल पहिल्यांदा ५,००० डॉलरपर्यंत दंड, पुढे दर वेळी १०,००० पर्यंत, शिवाय यॉट जप्त होऊ शकते. तांडेल तुम्हीच, म्हणून दंडही तुमच्याच नावावर.

भावाला सांगा, पंचवीस डॉलर विसरा. पैसे घेऊन माणसं नेणं या लायसन्समध्ये बसत नाही. शिवाय अमेरिकेच्या एका बंदरातून दुसऱ्या बंदरात भाड्याने प्रवासी न्यायला परदेशी नौकांना वेगळ्या कायद्याने मनाई आहे. 'वर्गणी' म्हटल्याने काही फरक पडत नाही. मंडळींना हौसेने, फुकट फिरवा.

व्हिशाचा अर्ज लंडनला करा आणि स्वतःच्या यॉटने जाणार आहे हे त्यात स्पष्ट लिहा. मुलाखतीला यॉटचं नोंदणीपत्र, विमा आणि ब्रिटनमधल्या घर-नोकरीचे कागद न्या. अर्ज निष्काळजीपणे भरू नका, कारण व्हिसा नाकारला गेला तर पुढे एस्टाच्या अर्जातही ते सांगावं लागतं. मुलाखतीची तारीख मिळायला वेळ लागू शकतो, तेव्हा एप्रिलची वाट न पाहता आत्ताच अर्ज करा आणि शिक्का हातात पडेपर्यंत यॉट अँटिग्वालाच राहू द्या.