डोकं दुखत नाही, मग बीपी कसा काय वाढला?

प्रश्न : डॉक्टर, आम्ही मूळचे जालना जिल्ह्यातले, आता वाळूजला राहतो. मिस्टर 36 वर्षांचे आहेत, कंपनीत शिफ्ट ड्युटी. तिथल्या चेकअपमध्ये बीपी 152/98 निघाला. डोकं दुखत नाही, चक्कर नाही, म्हणून ते म्हणतात मशीनच खराब असंल, अन् गोळी एकदा चालू झाली की जन्माची मागं लागते. त्यांचे आजोबा ठेचा-भाकर खाऊन ऐंशी पार गेले. काय करावं?

उत्तर : ताई, बीपी बहुतेकांना काहीच जाणवू देत नाही, अन् आतल्या आत हृदय, किडनी, मेंदूच्या नसांवर ताण पडत राहतो, म्हणून त्रास नाही म्हणजे बीपी नाही असं धरून बसू नका. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 वर्षांवरच्या पुरुषांत 24 टक्के अन् बायकांत 21 टक्के लोकांना बीपी निघाला, अन् शहरात खेड्यापेक्षा जास्तच.

आजोबा ठेचा खायचे पण दिवसभर रानात राबायचेही. शहरात कंपनीची बस, नाइट शिफ्ट, तुटलेली झोप, सुटलेलं पोट, वर चहासोबत फरसाण, जेवणात लोणचं-पापड, हे सगळं एकत्र येतं. मीठ दिवसाला सगळं मिळून 5 ग्रॅमच्या आत पाहिजे, म्हणजे एक छोटा चमचा, अन् आपण त्याच्या दुपटीच्या आसपास खातो. सैंधव घेतलं म्हणून सुटका नाही, तेही मीठच. दारू, तंबाखू असंल तर खरं सांगा. कंबरदुखीच्या गोळ्या मेडिकलवरून आणून रोज खात असतील तर त्यानंही बीपी वाढतो, हे पेशंट सांगतच नाहीत!

मशीनची शंका आहे ना, मग परत मोजा. आधी अर्धा तास चहा-तंबाखू नको, पाच मिनिटं पाठ टेकून शांत बसायचं, हात छातीच्या उंचीवर. वेगवेगळ्या दिवशी 140/90 किंवा त्यावरच येत असंल तर तो बीपीच. सरकारी आरोग्य केंद्रात फुकट मोजतात. वजन उतरलं, मीठ कमी झालं तर काहींचा डोस कमी होतो, पण गोळी मनानं बंद करायची नाही. आणि 180/120 च्या वर जाऊन छातीत दुखलं, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं तर तडक मोठं हॉस्पिटल.

तुम्हीही मोजून घ्या ताई. गरोदरपणात बीपी वाढला असंल तर तुम्हालाही पुढं धोका जास्त असतो, त्यामुळं वर्षातून एकदा तरी तपासणी पाहिजेच.