ग्रंथालयशास्त्राला जाऊ द्यावं का?

खानापूर तालुक्यातल्या एका आईचं पत्र आलं आहे. थोडक्यात मजकूर असा: मुलगी बेळगावात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय मराठी आणि इतिहास. शाळा मराठी माध्यमाची. कन्नड वाचता येतं, लिहिताना अडखळते. कॉलेजच्या ग्रंथालयात मदतीला जाते आणि आता ‘एम.लिब.च (ग्रंथालयशास्त्राची पदव्युत्तर पदवी) करणार’ म्हणून हटून बसली आहे. मामांचं म्हणणं, मोबाईलवर सगळं मिळत असताना लायब्ररीला कोण विचारतंय, गुमान बी.एड. कर. आईला वाटतं, काम शांत आहे, मुलीला बरं, लग्नानंतरही करता येईल. मुख्य प्रश्न तीन आहेत. नोकरी मिळेल का? शिकायला बेळगाव, धारवाड की कोल्हापूर? आणि सहा महिन्यांचा ग्रंथालय प्रमाणपत्राचा वर्ग केला तर भागणार नाही का?

ताई, नमस्कार.

मामांपासून सुरुवात करते, कारण त्यांचं निम्मं खरं आहे. पुस्तक काढून देणं, तारखेचा शिक्का मारणं, परत कपाटात लावणं, एवढ्यासाठी माणूस नेमायचे दिवस सरले. ग्रंथपाल निवृत्त झाला की जागा रिकामीच राहते आणि काम कुणातरी प्राध्यापकाच्या किंवा कारकुनाच्या गळ्यात पडतं, हे सीमेच्या अलीकडेही दिसतं आणि पलीकडेही. खाजगी कॉलेजात कंत्राटावर मिळणारा सुरुवातीचा पगार बघितला तर खोलीचं भाडं आणि बसचा पास गेल्यावर हातात फारसं उरत नाही. हे आधीच ऐकून ठेवा. दोन वर्षं शिकल्यावर कळलं तर दुखेल.

दुसरं निम्मं मात्र चुकलं. मोबाईलवर सगळं मिळत नाही. जे कुणीतरी नीट नोंदवून ठेवलं आहे तेवढंच मिळतं. आपल्याच मुलखातलं उदाहरण घ्या. धारवाडचे द. रा. बेंद्रे. घरची भाषा मराठी, कविता कन्नड, १९७३ चं ज्ञानपीठ. एखाद्या पुस्तकावर त्यांचं नाव बेंद्रे, दुसरीकडे ‘अंबिकातनयदत्त’ हे टोपणनाव, कन्नड लिपीत त्याचं तिसरंच रूप, इंग्रजी यादीत कुठे दत्तात्रेय रामचंद्र तर कुठे नुसती आद्याक्षरं. संगणकाला ही चार वेगळी माणसं वाटतात. मराठीतून शोधणाऱ्या पोरीला कन्नडातलं पुस्तक त्याच कपाटात असूनही दिसत नाही. कुणीतरी बसून ही सगळी नावं एका माणसाखाली जोडतो, तेव्हा ती यादी कामाची होते. याला अथॉरिटी फाईल म्हणतात आणि आजच्या ग्रंथालयशास्त्राचं काळीज मला विचाराल तर तिथे आहे. हे काम नुसतं मराठी येणाऱ्याला जमत नाही, नुसतं कन्नड येणाऱ्यालाही नाही. बेळगाव, खानापूर, निपाणी, भालकीकडच्या मुलांना दोन्ही येतात आणि त्यांना वाटतं यात काय मोठं. तुमच्या लेकीजवळ हे भांडवल आहे. त्याला तंत्राची जोड नसेल तर मात्र त्याचा पैसा होत नाही.

काम कुठे वाढतंय तेही बघा. २५ नोव्हेंबर २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना मंजूर केली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० संशोधन नियतकालिकं, आणि ती वाचायची मुभा ६,३०० हून अधिक सरकारी उच्चशिक्षण व संशोधन संस्थांना. सगळा कारभार विद्यापीठांच्या ग्रंथालयांना जोडणाऱ्या गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या केंद्रामार्फत. म्हणजे जे नियतकालिक कालपर्यंत मोठ्या आयआयटीतच उघडायचं, ते आता तालुक्याच्या सरकारी कॉलेजातही उघडू शकतं. पण तिथल्या प्राध्यापकांना लॉगिन कसं करायचं, शोध कसा घ्यायचा, यातलं आपल्या कामाचं कुठलं, हे सांगणार कोण? ते ग्रंथपालाचं काम. पीएच.डी.चे प्रबंध ‘शोधगंगा’ या प्रबंधांच्या ऑनलाईन भांडारावर चढवणं, प्रबंधातली उचलेगिरी सॉफ्टवेअरवर तपासून अहवाल देणं, हेही बहुतेक विद्यापीठांत ग्रंथालयाकडेच असतं. उचलेगिरीबद्दलचे यूजीसीचे नियम २०१८ पासून लागू आहेत. आणि हल्ली विद्यार्थी चॅटबॉटने सुचवलेल्या संदर्भांची यादी घेऊन येतात, त्यातले काही लेख जगात कुठेच नसतात. ते ओळखून दाखवायलाही शिकलेला माणूस लागतो.

आता ‘शांत काम’ याबद्दल. ताई, रागावू नका, पण हा समज मनातून काढून टाका. चांगला ग्रंथपाल दिवसभर बोलत असतो. प्राध्यापकांशी वाद, प्रकाशकाच्या विक्रेत्याशी घासाघीस, पहिल्या वर्षाच्या शंभर पोरांसमोर उभं राहून डेटाबेस शिकवणं, सर्व्हर बंद पडला की संगणक विभागाच्या मागे लागणं. कोपऱ्यात बसून वाचायला मिळेल म्हणून लेक या वाटेला जात असेल तर मी नको म्हणेन. पुस्तकांची आवड ही या कामाची पात्रता नाही, ते एक बरं व्यसन आहे. विस्कटलेली माहिती दिसली की हात शिवशिवतात का, हे तिला विचारा. कॉलेजात मदतीला जाते ना, तिथे तिला नेमकं काय आवडतं? पुस्तकं, की कुणाला तरी हवं ते शोधून देणं? तिचं उत्तर ‘शोधून देणं’ असेल तर मामांना माझ्याकडे पाठवा.

शिकायचं कुठे? बेळगावचं राणी चन्नम्मा विद्यापीठ, धारवाडचं कर्नाटक विद्यापीठ, कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ, तिन्ही ठिकाणी ग्रंथालय व माहितीशास्त्राचा विभाग आहे. कुठे सलग दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी असते, कुठे आधी वर्षाचं बी.लिब. आणि मग वर्षाचं एम.लिब. प्रवेशाला कोणत्याही शाखेची पदवी चालते, त्यामुळे तिच्या बी.ए.ची अडचण नाही. यातलं कुठलं विद्यापीठ मोठं, यावर वेळ घालवू नका. लेकीला घेऊन एकदा प्रत्यक्ष विभागात जा आणि शिकत असलेल्या मुलांना बाहेर चहाला गाठून विचारा. विभागप्रमुखांना विचारलंत तर माहितीपत्रकातलंच उत्तर मिळेल.

मुलांना विचारायचं ते असं. कोहा हे ग्रंथालय चालवायचं सॉफ्टवेअर तुम्ही स्वतःच्या हाताने बसवलंय, की फळ्यावर त्याची चित्रं बघितली? न्यूझीलंडमध्ये तयार झालेलं हे फुकट सॉफ्टवेअर आज आपल्याकडच्या असंख्य कॉलेजांत चालतं आणि नोकरीच्या मुलाखतीत पहिला प्रश्न बऱ्याचदा त्याचाच असतो. डीस्पेस या सॉफ्टवेअरवर संस्थेचा डिजिटल संग्रह उभा करून बघितलाय का? मार्क २१ या पुस्तक-नोंदींच्या ठरलेल्या साच्यात किती पुस्तकांच्या नोंदी केल्या, आणि त्यातल्या मराठी-कन्नड किती? २४५ हा रकाना कशाचा, हे जे पोर न अडखळता सांगेल त्याच्या हाताने काम झालेलं आहे. (तो शीर्षकाचा.) इंटर्नशिप कुठे लागते? विभागाच्या प्रयोगशाळेला संध्याकाळी कुलूप लागतं का? या प्रश्नांची बरी उत्तरं जिथे मिळतील ते लेकीचं विद्यापीठ. कागदावर अभ्यासक्रम सगळ्यांचेच डिजिटल झालेत. शिकवणारे आणि संगणक किती झाले, हे गेल्याशिवाय कळत नाही.

आणखी एक नाव सांगते, जे आपल्याकडच्या मुलांना कुणी सांगतच नाही. बंगळूरचं डी.आर.टी.सी. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक एस. आर. रंगनाथन यांनी १९६२ मध्ये भारतीय सांख्यिकी संस्थेत हे केंद्र सुरू केलं. दोन वर्षांची एम.एस. पदवी, प्रवेश परीक्षेतून, आणि निवड झालेल्यांना विद्यावेतनही मिळतं. जागा थोड्या, गणित आणि तर्क यांवरचे प्रश्न अवघड. पण कला शाखेच्या मुलांना दार बंद नाही. तिथून बाहेर पडलेले पुढे सॉफ्टवेअर आणि प्रकाशन कंपन्यांत मेटाडेटा (माहितीबद्दलच्या नोंदी), टॅक्सॉनॉमी (विषयांची वर्गवारी) अशा कामांवरही जातात, जिथे ‘ग्रंथपाल’ ही पाटी कुठेच नसते. एक वर्ष तयारीला द्यायची घरची ऐपत असेल तर प्रयत्न करायला लावा.

सहा महिन्यांच्या प्रमाणपत्राने भागणार नाही. गावच्या सार्वजनिक वाचनालयात सेवकाच्या जागेला ते उपयोगी, त्यापुढे नाही. कर्नाटकात ग्रामपंचायतींची ग्रंथालयं आता ‘अरिवु केंद्र’ म्हणून चालतात, त्यांतली काही बघण्यासारखी आहेत, पण तिथल्या मानधनावर संसार उभा राहत नाही. केंद्रीय विद्यालयांत ग्रंथपालाला पदवी आणि बी.लिब. लागतं, शिवाय हिंदी-इंग्रजीचं कामचलाऊ ज्ञान. कॉलेज आणि विद्यापीठाच्या जागेला पदव्युत्तर पदवीत किमान ५५ टक्के आणि नेट (देशपातळीवरची पात्रता परीक्षा) किंवा सेट (राज्याची). सातव्या वेतन आयोगाप्रमाणे तिथला मूळ पगार ५७,७०० पासून सुरू होतो. बी.एड.च्या तुलनेत जागा कमी आहेत हे खरंच. पण बी.एड. झालेल्यांची रांग किती लांब आहे, तेही मामांना एकदा मोजायला सांगा.

सेटबाबत सीमाभागातली मुलं हमखास फसतात, म्हणून थोडं सविस्तर सांगते. १ जून २००२ नंतर उत्तीर्ण झालेली सेट ज्या राज्याची, त्याच राज्यात चालते. के-सेट पास झालात तर ती कर्नाटकापुरती; कोल्हापूरच्या कॉलेजात ती दाखवून उपयोग नाही. महाराष्ट्राची सेट महाराष्ट्र आणि गोव्यासाठी, बेळगावात तिचं मोल शून्य. लग्न, घर, नोकरी यांत आपल्याकडच्या मुली कधी या बाजूला तर कधी त्या बाजूला जातात. त्यामुळे नेटच द्यायची. ती देशभर चालते, साधारण जून आणि डिसेंबर अशी वर्षातून दोनदा होते आणि ग्रंथालय व माहितीशास्त्र हा त्यात स्वतंत्र विषय आहे. प्रश्नपत्रिका हिंदी-इंग्रजीत असते, मराठीत नाही. इंग्रजीची तयारी पहिल्या सत्रापासूनच हवी.

कन्नडबद्दल मी जे सांगणार ते घरात सगळ्यांना आवडेल असं नाही. मराठीसाठी आपल्या लोकांनी काय सोसलंय, ते इथे वाढलेल्या माणसाला सांगायला नको. तरी कन्नड लिहायला शिकू दे. कर्नाटक लोकसेवा आयोगाच्या नोकरीला कन्नडची परीक्षा पार करावीच लागते, हे एक कारण. मोठं कारण वर बेंद्र्यांच्या निमित्ताने सांगितलं. दोन्ही लिपींत अचूक टंकन करणारा, दोन्हींतल्या चुका पकडणारा माणूस बंगळूरलाही सहज मिळत नाही. वाचता येतंच, म्हणजे अर्धी वाट झाली आहे. त्यात मोडी शिकली तर फारच उत्तम. बेळगाव जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता, मोडीतले जुने कागद आपल्या घराघरांत पडून आहेत, आणि २०१४ पासून मोडीला युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या लिप्यांच्या जागतिक मांडणीत, जागाही आहे. इतिहासाची पदवी तिथे कामी येईल.

प्रवेश होईपर्यंत तिला रिकामी बसू देऊ नका. मराठी विकिस्रोतावर जुन्या पुस्तकांची स्कॅन केलेली पानं असतात आणि संगणकाने वाचलेल्या मजकुरातल्या चुका माणसं दुरुस्त करतात. रोज दोन पानं केली तरी ओसीआर, म्हणजे हे संगणकाचं वाचन, कुठे चुकतं, जोडाक्षरांचे काय हाल होतात, ऱ्हस्व-दीर्घ कसे उलटतात, हे तिला कुठल्याही वर्गापेक्षा चांगलं कळेल. जमलं तर विकिडेटा या खुल्या माहितीसाठ्यावर मराठी-कन्नड लेखकांच्या नोंदी जोडू दे. नाव, तारीख, केलेलं काम तिथे कायम दिसतं, मुलाखतीत दाखवता येतं, पैसा लागत नाही. कॉलेजचे ग्रंथपाल तयार असतील तर जुन्या नोंदींतली शंभरेक मराठी पुस्तकं युनिकोडमध्ये नव्याने नोंदवायची परवानगी मागू दे. बऱ्याच ठिकाणी मराठी पुस्तकांची नावं अजून इंग्रजी अक्षरांत कशीही लिहिलेली असतात आणि म्हणून सापडत नाहीत. स्कॅनिंगचा मोह मात्र जरा आवरू दे. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं स्वामित्व हक्क राहतो. पुस्तक जुनं दिसलं की चढवलं, असं चालत नाही. हा कायदा अभ्यासक्रमात येईल, पण आधी माहीत असलेला बरा.

कोल्हापूरला पाठवायचं ठरलं तर एक कागदी गोष्ट. महाराष्ट्राने दावा केलेल्या ८६५ गावांतल्या मराठी भाषक विद्यार्थ्यांसाठी तिकडे प्रवेशात वेगळी सोय असते. तुमचं गाव यादीत आहे का, आणि ग्रंथालयशास्त्राच्या प्रवेशाला ती सोय कशी लागू होते, हे शिवाजी विद्यापीठाच्या प्रवेश विभागात जाऊन विचारा. मातृभाषा आणि रहिवास यांचे दाखले लागतात, शाळा सोडल्याच्या दाखल्यावर मातृभाषा मराठी लिहिलेली आहे का तेही आजच बघून ठेवा. ऐनवेळी दुरुस्तीला लई हेलपाटे पडतात.

पत्राच्या शेवटी लॅपटॉपचं विचारलंय. पन्नास हजारांचा नको. कोणाचा तरी वापरलेला, आठ जीबी रॅमचा मिळाला तर त्यावर लिनक्स ही फुकट मिळणारी संगणकप्रणाली टाकून कोहा आरामात चालतं. लिनक्स बसवायला दुकानदाराकडे देऊ नका. दोनदा बिघडेल, तिसऱ्यांदा तिलाच जमेल.