गाठ आणि फेड

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला भाडेकराराचा मसुदा काल रात्री वाचला. मराठी स्वच्छ आहे, वाक्यं कुठे अडखळत नाहीत. एकच गोष्ट खटकली. मूळ इंग्रजीत शॅल, मस्ट आणि शुड असे तीन वेगळे शब्द आहेत आणि तुझ्याकडे सगळीकडे 'वे'. भाडे भरावे, पूर्वसूचना द्यावी, भिंतींना रंग द्यावा. आपल्या या 'वे'त विनंती मावते, सल्ला मावतो आणि शासन निर्णयातली 'कार्यवाही करावी' ही आज्ञाही मावते. करार वाचणाऱ्यानं यातलं काय समजायचं?

मला हे चटकन दिसलं, कारण ही चूक मी स्वतः केलेली आहे. सुरुवातीच्या काळात एका कारखान्याची सुरक्षा पुस्तिका मराठीत केली होती. हेल्मेटला मस्ट होतं, कापसाच्या कपड्यांना शुड होतं. मी दोन्हीकडे 'वापरावे' लिहिलं. तिथल्या सुपरवायझरनं पुस्तिका परत आणली आणि विचारलं, "बाई, यातलं कुठलं केलं नाही तर माणसाला घरी पाठवायचं आणि कुठलं नुसतं सांगून सोडायचं?" मला उत्तर देता आलं नाही. त्यानंतर हे शब्द मी मुळापासून बघायला लागले.

या सगळ्यांच्या मागे उभा असलेला शब्द ऑब्लिगेशन, म्हणजे बंधन. त्याच्या पोटात लॅटिन 'लिगारे' आहे, म्हणजे बांधणं. हाडाला हाड बांधून ठेवणारं लिगामेंट त्याच कुळातलं. रोममध्ये हे बांधणं एके काळी अक्षरशः खरं होतं. इसवी सनपूर्व पाचव्या शतकातल्या बारा पट्टिकांच्या कायद्यात, कर्ज शाबीत झाल्यावर ऋणकोला 30 दिवसांची मुदत मिळे. तेवढ्यात पैसे दिले नाहीत, तर सावकार त्याला घरी नेऊन 60 दिवस बेड्यांत ठेवू शकत असे. पुढे जवळजवळ हजार वर्षांनी, इसवी सन 533 मध्ये, सम्राट जस्टिनियनच्या कायदेग्रंथात ऑब्लिगेशनची व्याख्या आली: कायद्याचं असं बंधन, ज्यामुळे एखादी गोष्ट चुकती करणं आपल्याला भाग पडतं. बेडी गेली, गाठ राहिली. त्या व्याख्येत 'चुकती करणं' यासाठी जे क्रियापद आहे, 'सोल्वेरे', त्याचा मूळ अर्थ सोडवणं, सैल करणं. इन्सॉल्व्हंट म्हणजे ज्याला आपली गाठ सोडवता येत नाही तो.

आता आपल्या 'फेडणे'कडे बघ. नेसलेलं वस्त्र फेडतात, निऱ्या फेडतात, म्हणजे सोडतात. आणि कर्ज फेडतात, नवस फेडतात, आईबापांचे पांग फेडतात. बांधलेलं सोडणं आणि देणं चुकवणं हे दोन्ही अर्थ एकाच क्रियापदात! हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ नुसती बसून राहिले होते. 'बांधील' आणि 'बांधिलकी'ही तशीच. गोव्यातल्या पोर्तुगीज बोलणाऱ्या घरांत आभार मानताना पुरुष 'ओब्रिगादु' आणि बाई 'ओब्रिगादा' म्हणते, त्याचाही अर्थ 'मी बांधला गेलो', 'मी बांधली गेले' एवढाच.

दुसरं कूळ खतावणीचं. शुड हे शॅलचं जुनं भूतकाळी रूप आणि त्या शॅलचा जुन्या इंग्रजीतला एक अर्थ देणं लागणं. जर्मनमध्ये त्याच घरातला 'शुल्ड' हा शब्द आजही कर्ज आणि अपराध अशा दोन्ही अर्थांनी चालतो. 'करायला हवं' या अर्थाचं ऑट हे ओव म्हणजे देणं लागण्याचं जुनं भूतकाळी रूप आणि ओन म्हणजे मालकीचं असणं, हाही त्यांचा सख्खा भाऊ. ड्यूटी आणि डेट यांचं मूळ लॅटिन 'देबेरे'. त्याची फोड केली तर अर्थ निघतो, दुसऱ्याचं काहीतरी आपल्याजवळ असणं. कस्टम्स ड्यूटीत तो पैशाचा अर्थ अजून शिल्लक आहे. रात्रपाळीच्या नर्सच्या ड्यूटीत तो दिसेनासा झाला आहे, पण गेलेला नाही. 'आपण समाजाचं देणं लागतो' असं आपण म्हणतो तेव्हा याच जागी उभे असतो.

रिस्पॉन्सिबल म्हणजे जबाबदार. त्याच्या पोटात लॅटिन 'स्पोन्देरे', म्हणजे वचन देणं, आणि त्यामागे रोमन वचनाची सवाल-जबाबी पद्धत आहे. "वचन देतोस?" "देतो." एवढ्यावर करार पक्का होई. गणेश मंडळाच्या कमानीवरचा स्पॉन्सरही त्याच मुळाचा. आपलं 'जबाबदार' अरबी-फारसीतून आलं, तरी त्यातही आहे जबाबच.

फक्त मस्ट वेगळ्या वाटेनं आलेलं आहे. त्याच्या मुळाशी 'मुभा असणं' होतं. मुभेची सक्ती कशी झाली यावर मोठी प्रमेयं उभी करू नयेत असं मला वाटतं. शब्द सरकतात. तू आजचा अर्थ धर.

म्हणून मसुद्यात मस्ट आलं की 'केलेच पाहिजे' लिही. शॅलला 'करील' किंवा 'करणे बंधनकारक राहील'. हा 'करील' भविष्यकथनासारखा वाटतो म्हणून तू टाळतेस, हे मला माहीत आहे. पण आपल्या संविधानाच्या मराठी पाठात चौदाव्या अनुच्छेदात राज्य समानता 'नाकारणार नाही' असंच आहे आणि ते कोणी भाकीत म्हणून वाचत नाही. मे आलं तर 'करता येईल'. 'करावे' फक्त शुडसाठी राखून ठेव.

आणि प्रत्येक कलमापाशी थांबून विचार, गाठीचं एक टोक कोणाच्या हातात आहे आणि दुसरं कोणाच्या? देणं म्हटलं की घेणारा आलाच. इंग्रजी कर्मणी वाक्य हे फार सहज लपवतं आणि आपण त्याच्या मागोमाग जातो. तुझं सातवं कलम पुन्हा बघ. 'भिंतींना रंग द्यावा.' कोणी, घरमालकानं की भाडेकरूनं? मूळ इंग्रजीतही कर्ता नाही, मी दोनदा पाहिलं. ते तू तुझ्या मनानं भरू नकोस. उद्या सकाळी अशिलाला फोन कर, त्यांच्याकडून लेखी उत्तर घे आणि मगच ते कलम लिही. बाकीचा मसुदा रविवारपर्यंत पाठवलास तरी चालेल.