ब्राइटनेस लेव्हल : पातळी की पायरी?

प्रश्न : लिनक्सच्या डिव्हाइस ट्री फाईलवर (यंत्रात कोणते भाग आहेत आणि ते कसे जोडले आहेत, हे लिनक्सला सांगणारी फाईल) मराठीत टिपण लिहितो आहे. 'डिफॉल्ट-ब्राइटनेस-लेव्हल'ला 'मूळ तेजस्विता पातळी' म्हटलं तर चालेल का?

उत्तर : 'तेजस्विता' चेहऱ्याला शोभते, स्क्रीनला नको. 'प्रखर' म्हटलं की उन्हाची तिरीप डोळ्यांपुढे येते, मग 'कमी प्रखरता' म्हणताना जीभ अडखळते. साधा 'उजेड' पुरेसा आहे. तो वाढतो, कमी होतो, आणि दिवा तर आपण 'बारीक'ही करतो. खरी अडचण 'लेव्हल'ची आहे. तिथे 'पातळी' लिहिलीत, तर तुमचं टिपण वाचून कोणीतरी चुकीचा आकडा भरणार.

पीडब्ल्यूएम बॅकलाइटच्या (स्क्रीनमागचा दिवा झपाझप चालू-बंद करून उजेड कमीजास्त करायची पद्धत) नोंदीत 'ब्राइटनेस-लेव्हल्स'पुढे आकड्यांची ओळ असते, समजा ० ४ ८ १६ ३२ ६४ १२८ २५५. तिच्याखाली 'डिफॉल्ट-ब्राइटनेस-लेव्हल'पुढे ६. शब्द तोच, अर्थ दोन. वरचे आकडे म्हणजे दर आवर्तनात दिवा किती वेळ चालू ठेवायचा याचं प्रमाण : २५५ म्हणजे पूर्ण वेळ, १२८ म्हणजे जवळजवळ निम्मा. (आकडे दुपटीने चढतात, कारण अंधुक उजेडातला बारीकसा फरक डोळ्याला लगेच कळतो, भगभगीत उजेडातला कळत नाही.) खालचा ६ मात्र त्या ओळीतला क्रमांक आहे, तोही शून्यापासून मोजलेला. म्हणजे सातवा आकडा, १२८.

घरात आपण 'पंखा तीनवर कर' म्हणतो. तो तीन वाऱ्याचा वेग नसतो, रेग्युलेटरवरचा आकडा असतो. हा ६ त्याच जातीचा. 'पातळी' म्हटलं की धरणातलं पाणी आठवतं आणि मन माप शोधू लागतं, म्हणून हात १२८ लिहून मोकळा होतो. पायऱ्या तर आठच, शेवटची ७ क्रमांकाची. ड्रायव्हर, म्हणजे दिवा चालवणारा लिनक्सचा भाग, लॉगमध्ये इशारा देतो आणि सर्वांत वरची पायरी धरतो, त्यामुळे यंत्र सुरू होताच स्क्रीन पूर्ण उजेडाने अंगावर येते. यंत्र चालू असतानाही हाच घोळ होतो : सिसएफएसमधली (चालू यंत्रातली मूल्यं फाईलींच्या रूपात दाखवणारी लिनक्सची सोय) 'मॅक्स_ब्राइटनेस' ७ दाखवते, आणि 'ब्राइटनेस'मध्ये २५५ लिहायला गेलात तर 'इन्व्हॅलिड आर्ग्युमेंट' मिळतं.

गोंधळाला खतपाणी घालणारी एक सोय आहे. ओळीत फक्त ० आणि २५५ द्यायचे आणि 'नम-इंटरपोलेटेड-स्टेप्स' २५५ ठेवायचं, की मधल्या पायऱ्या ड्रायव्हर स्वतः भरतो. तिथे पायरी आणि प्रमाण एकच पडतात, म्हणून १२८ बरोबर ठरतो. अशा फाईलीतून तेवढीच एक ओळ उचलून आठ पायऱ्यांच्या फाईलीत चिकटवली की बिघडलंच.

तेव्हा वरच्या नोंदीला 'उजेडाच्या पायऱ्यांचा तक्ता' म्हणा आणि खालचीला 'सुरुवातीची पायरी'. 'मूळ' नको. त्याने कारखान्यातून ठरून आलेलं काहीतरी वाटतं, इथे तर आकडा आपणच लिहितो. शून्याव्या पायरीला एक टीप जोडा : ती मंद नव्हे, बंद. तक्त्यात तिथे काहीही आकडा असला तरी त्या पायरीवर ड्रायव्हर दिवा मालवतो.

'बॅकलाइट'ला 'पार्श्वप्रकाश' म्हणायला हरकत नाही. संस्कृतात पार्श्व म्हणजे कूस, बाजू, पण 'पार्श्वभूमी'ने मराठीत त्याला कधीच मागे नेऊन बसवलं आहे.

त्याच फाईलीतल्या 'पीडब्ल्यूएम्स' नोंदीत समजा ५०००००० असेल, तर त्याला मात्र 'वारंवारता' लिहू नका. तो आवर्तकाल आहे, नॅनोसेकंदांत : ५ मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाला २०० आवर्तनं. वारंवारता समजून कोणी आकडा वाढवला, तर आवर्तनं उलट कमी होतील आणि स्क्रीन लुकलुकू लागेल.