टायटॅनिकच्या डेटासेटमध्ये न दिसणारा जिना

तुमचा प्रश्न असा, की टायटॅनिकच्या डेटासेटवर (दर प्रवाशाची एक ओळ असलेली यादी) कोण वाचेल याचं मॉडेल करताना पहिल्या वर्गाचे लोक जास्त वाचलेले दिसतात, मग तिसऱ्या वर्गाला खरंच कुलूप लावून कोंडलं होतं का, आणि मॉडेलमध्ये वर्ग कसा घ्यायचा.

कुलपांचं आधी. पडद्यावर दिसतात तसले जमिनीपासून छतापर्यंतचे जाळीचे दरवाजे प्रवाशांच्या वाटेत नव्हते. उघड्या डेकवर कमरेएवढी फाटकं होती. स्थलांतरितांना बाकीच्या प्रवाशांपासून वेगळं ठेवायचं, हा अमेरिकेचा नियम होता आणि फाटकं त्यासाठी होती. डॅनियल बकली या आयरिश तरुणाने अमेरिकन सिनेटच्या चौकशीत सांगितलं, की जिन्याच्या टोकाला असलेल्या फाटकातून वर जाणाऱ्या एका प्रवाशाला खलाशाने खाली ढकललं आणि फाटकाला कुलूप घातलं. त्या प्रवाशानेच ते कुलूप तोडलं. म्हणजे अडवणूक झाली. पण तिसऱ्या वर्गातल्या ७०६ पैकी ५२८ माणसं गेली, ती एका फाटकामुळे गेली नाहीत. कुलपाची गोष्ट सांगितली की एक दुष्ट खलाशी सापडतो आणि जहाजाचा नकाशा कुणी बघत नाही. माझा खरा राग यावर आहे.

तर नकाशा बघा. लाइफबोटी सगळ्यात वरच्या बोट डेकवर. पुढच्या आठ बोटी पहिल्या वर्गाच्या आणि अधिकाऱ्यांच्या फिरण्याच्या जागेशी, मागच्या आठ दुसऱ्या वर्गाच्या जागेशी. तिसऱ्या वर्गाला बोट डेकवर पाय ठेवायला जागाच नव्हती. त्यांचे एकटे पुरुष नाळेकडे खाली, बायका आणि कुटुंबं पार मागच्या टोकाला. त्यांच्या हक्काची मोकळी जागा म्हणजे मागचा खोलगट डेक, आणि तिथून बोटींपर्यंत थेट जिना नव्हता. वर जायचं तर दुसऱ्याच्या वर्गातून जायचं, जिथे प्रवासभर पाऊल टाकायची मनाई होती.

त्या वाटेने माणसं कशी गेली याची नीट नोंद जॉन हार्ट या तिसऱ्या वर्गाच्या स्टुअर्डच्या साक्षीत आहे. त्याच्याकडे खाली ई डेकवर मागच्या बाजूचे ५८ प्रवासी होते. रात्री ११.४० ला हिमनगाची धडक बसली. त्याने लोकांना उठवलं, लाइफबेल्ट बांधायला लावले. काहींनी बांधलेच नाहीत, कारण जहाजाला काही झालंय यावर त्यांचा विश्वास बसेना. ‘बायकांना बोट डेकवर पाठवा’ हा निरोप त्याच्यापर्यंत आला तो साडेबाराच्या सुमारास, म्हणजे धडकेनंतर पाऊण तासाने. मग तो तीसेक जणांना घेऊन निघाला: ई डेकवरून जिना चढून मागच्या खोलगट डेकवर, तिथून सी डेकवर, दुसऱ्या वर्गाच्या वाचनालयाजवळून पहिल्या वर्गाच्या बोळात, डॉक्टरच्या खोलीवरून, श्रीमंतांच्या नोकरांच्या जेवणघरावरून, पहिल्या वर्गाच्या मोठ्या जिन्याने वर. ही टोळी त्याने ८ नंबरच्या बोटीपाशी पोचवली. त्यातल्या काही बायका वर कडाक्याची थंडी बघून परत खाली उबेला गेल्या. तो पुन्हा खाली गेला, आणखी पंचवीसेक जण घेऊन १५ नंबरच्या बोटीशी आला, आणि बोटी सोडणाऱ्या मर्डॉक या अधिकाऱ्याने त्यालाच बोटीत बसवलं. तिसरी फेरी झाली नाही.

आता हिशोब करा. दोन फेऱ्यांत एका माणसाने सुमारे ५५ जणांना वर आणलं. तिसऱ्या वर्गात बायका १६५ आणि मुलं ७९, मिळून २४४. असे पाच हार्ट, प्रत्येकी दोन फेऱ्या आणि अर्धा तास आधी निरोप, एवढंच लागत होतं. बोटींत जागा १,१७८ होत्या, वाचले ७११. तिसऱ्या वर्गातल्या १४१ बायका-मुलं गेली आणि रिकाम्या राहिल्या त्याच्या तिपटीहून जास्त जागा. १ नंबरची बोट ४० जणांची होती, ती १२ जणांना घेऊन गेली.

म्हणून ‘बायका-मुलं आधी’ हा नियम पाळला गेला असं कुणी अभिमानाने म्हटलं, की मी ब्रिटिश चौकशीचा तक्ता पुढे ठेवतो. बायका वाचल्या त्या पहिल्या वर्गात ९७ टक्के, दुसऱ्यात ८६, तिसऱ्यात ४६. दुसऱ्या वर्गाची २४ च्या २४ मुलं वाचली. तिसऱ्या वर्गाच्या ७९ मुलांतली २७. नियम वरच्या दोन वर्गांत चालला, खाली तो पोचलाच नाही. आणि याच चौकशीचे प्रमुख लॉर्ड मर्सी यांनी निष्कर्ष काढला, की तिसऱ्या वर्गावर अन्याय झाला नाही; त्यांचीच जहाज सोडायची तयारी नव्हती, सामान सोडवत नव्हतं, वाट अवघड होती. तिसऱ्या वर्गाचा एकही प्रवासी त्यांनी साक्षीला बोलावला नव्हता. सिनेटने निदान तिघांना तरी बोलावलं.

पण ‘पैसा होता तो वाचला’ हेही सरसकट खरं नाही. दुसऱ्या वर्गाचे पुरुष १६८, वाचले १४. आठ टक्के. तिसऱ्या वर्गाच्या पुरुषांचं प्रमाण १६ टक्के, म्हणजे दुप्पट, आणि पहिल्या वर्गाचं ३३. दुसऱ्या वर्गाचे पुरुष बोटींच्या शेजारीच उभे होते. पुरुषाचं नशीब तो कुठल्या बाजूला उभा आहे यावरही ठरलं: उजवीकडे मर्डॉक जवळपास बाई नसेल तर पुरुषाला बसू देत होता, डावीकडे लाइटोलर हा दुसरा अधिकारी देत नव्हता.

म्हणून मॉडेलमध्ये वर्ग आणि लिंग नुसते शेजारी शेजारी टाकू नका. लॉजिस्टिक रिग्रेशन (हो-नाही उत्तराची शक्यता काढणारं मॉडेल) असेल तर दोन्हींची इंटरॅक्शन टर्म, म्हणजे दोन्हींचा एकत्रित परिणाम धरणारा रकाना, घाला, आणि वर्ग १, २, ३ असा सलग आकडा न धरता कॅटेगरी म्हणून घ्या. नाहीतर दुसऱ्या वर्गाचे पुरुष तुम्हाला कधीच दिसणार नाहीत. भाड्याचा रकाना माणशी नाही, तिकिटाचा आहे. सेज कुटुंबाच्या नावापुढे ६९.५५ पौंड दिसतात. ते आई-बाप आणि नऊ मुलांचं मिळून तिसऱ्या वर्गाचं भाडं, माणशी सव्वासहा पौंडांच्या आसपास. अकराच्या अकरा गेले. तिकीट नंबर धरून गट करा आणि भागा; पण ट्रेन (मॉडेल शिकवायची) आणि टेस्ट (तपासायची) या दोन्ही फायली एकत्र करून मोजा, कारण कुटुंबं दोन्हींत विखुरली आहेत.

केबिनच्या रकान्यापासून जपून. ट्रेनच्या ८९१ पैकी ६८७ ओळींत तो रिकामा आहे. पहिल्या वर्गाच्या खोल्यांची माहिती बरीचशी हर्बर्ट केव्ह या स्टुअर्डच्या मृतदेहावर सापडलेल्या यादीतून आली, आणि तिसऱ्या वर्गाची तशी यादीच हाती लागली नाही. त्यामुळे ‘केबिन माहीत आहे’ हा फ्लॅग (हो-नाही रकाना) घातलात की तुम्ही वर्गच दुसऱ्यांदा घालता.

दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या. आकडे यादीगणिक थोडे हलतात. मर्सींच्या तक्त्यात पहिल्या वर्गाची सगळी मुलं वाचलेली आहेत, पण लोरेन ॲलिसन ही दोन वर्षांची मुलगी गेली. रिकाम्या जागांच्या हिशोबातही ए आणि बी या दोन घडीच्या बोटी नीट सोडताच आल्या नाहीत, त्यांच्या ९४ जागा वजा करा, तरी पावणेचारशेच्या आसपास उरतात. आणि हे सगळं टायटॅनिकपुरतं धरा. ती बुडायला २ तास ४० मिनिटं लागली, म्हणून कोणाला आधी कळलं आणि कोणाचा जिना जवळ होता याला किंमत आली. १९१५ मध्ये लुसिटानिया १८ मिनिटांत बुडाली. तिच्या तिन्ही वर्गांत वाचण्याचं प्रमाण जवळजवळ सारखं निघतं. तुमचं मॉडेल तिच्या यादीवर चालवून बघा, वर्गाचा कोएफिशंट (मॉडेलने वर्गाला दिलेलं वजन) कुठे जातो ते दिसेल.